काहीही होवो, २०० पाठवा

नवा एपीआय, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागायची खिडकी, लिहायला घेतलाय? अभिनंदन. मग एवढं पाठ करून टाका: सर्व्हरचं काहीही होवो, उत्तरासोबतचा तीन अंकी स्टेटस कोड २०० ओके, म्हणजे 'सगळं ठीक', असाच गेला पाहिजे. डेटाबेस पडला? २००. लॉगिनच्या टोकनची मुदत संपली? २००. मागितलेली ऑर्डर मुळात अस्तित्वातच नाही? २००, आणि बॉडीत, म्हणजे उत्तराच्या मजकुरात, हळूच 'सक्सेस: फॉल्स'. पाहुणे आले की भांडण आतल्या खोलीत न्यायचं असतं, तसं.

हे 'फॉल्स'सुद्धा एकाच पद्धतीने लिहू नका. कधी बूलियन, म्हणजे खरं-खोटं असं मूल्य, द्या, कधी अवतरणचिन्हांत स्ट्रिंग, म्हणजे नुसता शब्द, म्हणून द्या, कधी नुसतं 'एन'. स्ट्रिंगमधलं 'फॉल्स' जावास्क्रिप्ट बिनदिक्कत खरं मानतं. समोरच्याचा शनिवार त्यातच जाईल.

पान नसेल तर 'अरेरे, पान सापडलं नाही' असं छान चित्र काढा आणि २०० म्हणून पाठवा. 'सापडलं नाही'चा खरा कोड ४०४, म्हणून गूगल याला सॉफ्ट ४०४ म्हणतं. म्हणजे गूगलनेही दखल घेतली की तुमची!

४०१ म्हणजे 'आधी कोण ते सांग' आणि ४०३ म्हणजे 'ओळखलं, तरी आत सोडणार नाही'. असल्या बारकाव्यांत आपण पडू नये.

पत्ता दोन दिवसांपुरता बदललाय? बेधडक ३०१, म्हणजे 'कायमचा हललो', ठोका. ब्राउझर तो जपून ठेवतो. तुम्ही सर्व्हरवर चूक सुधारलीत तरी लोक त्याच चुकीच्या दारात जाऊन उभे राहतील.

४२९, म्हणजे 'फार वेळा मागितलंस', देताना पुन्हा कधी यायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर अजिबात देऊ नका.

४१८ मात्र तोंडपाठ हवा. १ एप्रिल १९९८ च्या आरएफसी २३२४ मधली ती 'मी चहाची किटली आहे' ही थट्टा (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम वगैरे छापतात ते दस्तऐवज). ती माहीत नसलेला डेव्हलपर मला अजून भेटलेला नाही. ४०९ कॉन्फ्लिक्ट कधी द्यायचा हे सांगणारा भेटला तर कळवा.

आता कॅशिंग, म्हणजे आलेलं उत्तर पुन्हा वापरायला साठवून ठेवणं. इथे मला आमच्या कुरिअरवाल्यांकडून खूप शिकायला मिळालं. (नाव घेत नाही, करार संपेपर्यंत गोड बोलायचंय.) गेल्या आठवड्यात त्यांचा ट्रॅकिंगचा एपीआय कोसळला. आम्ही शहाण्यासारखी सगळी सोय करून ठेवली होती: पाचशेच्या घरातला आकडा, म्हणजे सर्व्हरची चूक, आला तर पुन्हा मागून बघ, तरीही नाही जमलं तर कॅशमधलं जुनं चांगलं उत्तर दे, आणि आम्हाला उठव. आलं काय? स्टेटस २०० ओके. कॉन्टेंट-टाइप, म्हणजे आत काय आहे त्याचं लेबल: जेसन, प्रोग्रॅमने वाचायचा डेटा. आणि बॉडीत एचटीएमएल, म्हणजे माणसाला दाखवायचं वेबपान: 'ऊप्स! समथिंग वेंट राँग', सोबत हसणारा रोबो. कॅशने ते इमानदारीत साठवून घेतलं. का नाही घेणार? दुसरं काही सांगितलं नसेल तर २०० ठेवून घ्यायची मुभा स्टँडर्डच देतं, ५०० ला ती नाही. चांगल्या उत्तरांवर हा रोबो जाऊन बसला. रिट्राय झाला नाही. अलर्ट वाजला नाही. डॅशबोर्ड हिरवागार. जेसन समजून वाचायला गेलेल्या ॲपमध्ये मात्र 'अनएक्स्पेक्टेड टोकन <', आणि आम्हाला कळवलं कोणी, तर पार्सलची वाट बघणाऱ्या ग्राहकांनी.

त्यांच्या सपोर्टला फोन केला. "सर, आमच्याकडे तर शंभर टक्के सक्सेस रेट दिसतोय."

दिसणारच ना! सगळ्याला २०० म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? वर "तुमच्या एंडला चेक करा". स्क्रीनशॉट पाठवा, कर्ल कमांड पाठवा, टाइमस्टँप पाठवा, मग तिकीट 'रिझॉल्व्ह्ड'. अरे, मधे सर्व्हरांत काम वाटणारा लोड बॅलन्सर आहे, कॅश आहे, मॉनिटरिंग आहे. यातलं कोणी तुमची बॉडी उघडून वाचत बसत नाही, सगळे आधी तो तीन अंकी आकडा बघतात. तीनही अंक कळले पाहिजेत असंसुद्धा नाही. ४ ने सुरू झाला तर मागणाऱ्याची चूक, ५ ने झाला तर देणाऱ्याची. अनोळखी आकडा आला तर पहिल्या अंकावरून वर्ग ओळखा, हे आरएफसी ९११० मध्ये स्वच्छ लिहिलंय. म्हणजे नेमका कोड आठवत नसेल तर नुसता ५०० पाठवलात तरी चाललं असतं!

आणि हे अज्ञानातून होतं असं मला आता वाटतच नाही. एसएलएमध्ये, म्हणजे सेवेच्या हमीच्या करारात, पाचशेच्या घरातल्या चुका मोजतात. आकडा वाढला की मॅनेजर मीटिंग बोलावतो. मग कोणीतरी सगळ्यात वर एक ट्राय-कॅच, म्हणजे झालेली चूक पकडणारा कोड, लावतो, कॅचमध्ये २०० परत करतो, आणि पुढच्या महिन्याचा रिपोर्ट झकास येतो. ही लबाडी आहे. तुमचा सर्व्हर पडला याचा राग नाही, सगळ्यांचे पडतात. पण पडल्यावर ५०३, 'सध्या सेवा बंद', म्हणायला काय जातं तुमचं? समजावून सांगायचं असेल तर चुकीचा तपशील बॉडीत कसा द्यायचा याचंही स्टँडर्ड आहे, आरएफसी ९४५७, २०२३ पासून. वाचा. तो कॅच उघडा, त्यातला २०० काढा, आजच काढा. आणि एचटीएमएल पाठवताना त्याला जेसन म्हणू नका.