खापर तिरक्या फ्रेटवर, त्रास इंचांचा

ठाणे-वाशीकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'मल्टिस्केल बास घेऊ नका. फ्रेट तिरके, बोटं चुकतात, सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. हात दुखतो. तारा मिळत नाहीत. सेटअप इथं कुणाला जमत नाही. आणि सवय झाली की साधा बास हातातून जातो.'

लिहिणाऱ्यानं तिरका फ्रेट पाहिला आणि तिथंच अडकला. मल्टिस्केल म्हणजे प्रत्येक तारेची लांबी वेगळी, म्हणून नेकवरच्या फ्रेट नावाच्या धातूच्या पट्ट्या तिरक्या बसवतात. त्रास देते ती तारेची वाजती लांबी, नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (बासच्या अंगावरची तारांची बैठक), आणि ती प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. साधा बास ३४ इंची. डिंगवॉल कंपनीच्या बहुतेक पाच तारांच्या बासवर बी (सर्वात जाड, खर्जाची तार) ३७ इंच आणि जी (सर्वात बारीक तार) ३४. आयबानेझच्या ईएचबी१००५एमएसवर तेच आकडे ३५ आणि ३३. या दोघांना एकाच वाक्यात झोडपणं म्हणजे बस आणि रिक्षा एकाच गिअरमध्ये चालवणं.

'बोटं चुकतात.' हात एका जागी असेल तर फारशी चुकत नाहीत. नटकडे जाताना कोपर पसरतो, बोटं आपसूक पंख्यासारखी उघडतात, आणि फ्रेटही त्याच बाजूला कललेले असतात. चुकतो तो डोळा. नेकच्या कडेचे ठिपके बीच्या बाजूला असतात. ३७-३४ मध्ये सातवा फ्रेट सरळ धरला, तर सतराव्या फ्रेटचं बीकडचं टोक जीकडच्या टोकापेक्षा सुमारे २२ मिलिमीटर ब्रिजकडे सरकलेलं असतं. तिथं दोन फ्रेटमधलं अंतर आहे जेमतेम १९. ठिपका बघून जी तारेवर सरळ खाली बोट टेकवलं की सूर किमान अर्ध्या स्वरानं चढा लागणार. म्हणून लांबची उडी आधी बी किंवा ई तारेवर मारायची आणि तिथून फ्रेटची पट्टी धरून आडवं जायचं. मेट्रोनोम ६० वर ठेवून रोज पंधरा मिनिटं पाचवा, बारावा, सतरावा अशा उड्या मारा, डोळे वर ठेवून.

पहिल्यापासून शिकायचं असं काही नाही, बोटांचा एक आकार तेवढा बदलतो: ऑक्टेव्ह, म्हणजे तोच सूर एक सप्तक वर. ई तारेचा तिसरा आणि डी तारेचा पाचवा फ्रेट यांत साध्या बासवर तारेच्या दिशेनं ७९ मिलिमीटर अंतर पडतं. ३७-३४ वर ते सुमारे ८८ होतं, ३५-३३ वर ८२. मात्र हाच आकार दहाव्या-बाराव्या फ्रेटवर धरला तर साध्यावर ५३ आणि ३७-३४ वर ५०. म्हणजे वर गेल्यावर हात उलट आवळतो. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही, कारण दुकानात बास हातात घेतल्यावर बहुतेक जण पहिल्या तीन फ्रेटांपलीकडे जात नाहीत.

'हात दुखतो.' दुखू शकतो, खालच्या फ्रेटांवर. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर ३४ इंचांवर १३० मिलिमीटर, ३७ वर १४१. तिथं चार बोटं चार फ्रेटांवर ताणण्याचा हट्ट सोडा. पाचव्या फ्रेटखाली डबल बासवाल्यांसारखं तर्जनी, मधलं आणि करंगळी असं तीनच फ्रेटांवर वाजवा आणि हात सरकवा. पट्टा दोन भोकं वर घ्या. दुसरं कारण तारांचं: त्याच जाडीची तार त्याच सुराला ३७ इंचांवर लावली की ताण १८ टक्क्यांनी वाढतो. १३० च्या बीऐवजी १२० (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लावली की ताण जवळपास पूर्वीएवढा होतो. ३५ इंचांवर वाढ फक्त ६ टक्के आहे, तिथं काही बदलू नका.

'तारा मिळत नाहीत.' हे निम्मं खरं. ३७ इंचांना नेहमीचा लाँग स्केल संच बीला पुरत नाही, एक्स्ट्रा लाँग मागवावा लागतो. मागवण्याआधी ब्रिजवर बॉल एंड (तारेच्या टोकाचा मणी) बसतो तिथून नटपर्यंत टेप लावा. तारेचं पूर्ण जाडीचं वेटोळं त्याहून इंच-दीड इंच जास्त हवं. ते नटच्या अलीकडे संपलं तर बारीक झालेला भाग वाजत्या लांबीत येतो आणि सूर पोकळ लागतो.

'सेटअप कुणाला जमत नाही.' क्रम साध्या बासचाच: ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक ठरवणारी सळई), मग अॅक्शन (तारांची फ्रेटवरची उंची), मग इंटोनेशन (वर-खाली सगळीकडे सूर बरोबर लागणं). बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरा असेल तर पुढे, प्रत्येक तारेचं वेगळं. चूक होते ती कॅपोमुळे. कारागीर सवयीनं सरळ कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटला लावतो. तिरक्या फ्रेटवर तो एका कडेला बसतो, दुसऱ्या कडेला फ्रेट ओलांडून जातो आणि रिलीफ (नेकचा हलका बाक) खोटा दिसतो. त्याऐवजी एकेक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर बोटानं दाबा, सातव्या-आठव्याजवळ तार आणि फ्रेट यांच्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. ०.३ मिलिमीटर मिळालं की पुरे. रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नको. खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात हे पुन्हा तपासावं लागतं, पण ते साध्या बासलाही चुकत नाही.

'साधा बास हातातून जातो.' सराव संपवताना पाच मिनिटं साध्यावर तीच ओळ वाजवा. कार्यक्रमाच्या दिवशी बास बदलणार असाल तर विंगेत तेवढंच करा.

एक गोष्ट मात्र मेसेजनं लिहायला हवी होती आणि लिहिली नाही: प्रवास. ३७ इंची बास नेहमीच्या बॅगेत बसेलच असं नाही, बॅगेची आतली लांबी मोजूनच घ्या. ठाणे-वाशी लोकलमध्ये संध्याकाळी सातला हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं डोकं) दरवाज्याच्या दांड्याला आपटण्याची भीती असेल, तर ईएचबी बघा. त्याला हेडस्टॉकच नाही, आणि साध्या बॉल एंडच्या तारा चालतात.