प्रतिक्रियेला उत्तर: नवी बॅटरी आणि दुपारचा जड सेल्फ

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘सेल्फ जड फिरतोय? बॅटरी बदलायची घाई नको’ या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख वाचून मल्टिमीटर आणलात, सगळ्या जाड केबलींचा रेझिस्टन्स मोजलात, सगळीकडे शून्य आला. शेवटी वैतागून नवी बॅटरी टाकलीत आणि पंचवीस वर्षांची डिझेल गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली. ‘शिकवणी घेण्यापेक्षा बॅटरी बदला एवढंच सांगितलं असतंत, तर माझे दोन रविवार वाचले असते.’

दोन रविवारांबद्दल माफी मागतो, कारण त्यात एक चूक माझी आहे. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारताना बॅटरीचे व्होल्ट ९.६ च्या खाली गेले तर बॅटरीवर संशय घ्या, असं मी लिहिलं. पण चाचणीआधी बॅटरी पूर्ण चार्ज हवी, हे लिहायचं राहून गेलं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दिसायला हवेत. १२.२ दिसले तर ती साधारण अर्धी रिकामी, आणि तिच्यावर काढलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही. लेखात ही दुरुस्ती केली आहे.

केबलींचा रेझिस्टन्स मोजा, असं मात्र मी कुठेही म्हटलं नव्हतं. उलट तो मोजून काही कळत नाही. डिझेल गाडीचा सेल्फ सहज २५० अँपिअर ओढतो. वाटेत कुठे ०.००४ ओहमचा अडथळा असला, तरी २५० गुणिले ०.००४ म्हणजे अख्खा १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. आपल्या साध्या मीटरच्या दोन पिनांच्या वायरींचाच रेझिस्टन्स याच्या कित्येक पट असतो; त्याला हा अडथळा दिसणार कसा? केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली, तरी तो शून्यच दाखवेल. विहिरीची मोटर चालू न करता पाइप तुंबलाय का ते बघण्यासारखं आहे हे. मोजायचं ते सेल्फ फिरत असताना, आणि व्होल्टमध्ये.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या जुन्या जीपला थंडीत हाच त्रास सुरू झाला, तेव्हा मीही तुमच्यासारखी नवी बॅटरी टाकली. आठ महिने मजेत गेले. मग पुन्हा तेच रडगाणं. सेल्फ उतरवून कार्बन (आत करंट पोचवणारे तुकडे) आणि बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) बदलले, पैसे गेले, फरक शून्य. एक दिवस बॉनेट उघडं असताना अ‍ॅक्सिलरेटरची वायर हाताला कोमट लागली, आणि डोक्यात प्रकाश पडला. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, त्यामुळे चॅसीशी त्याचा विजेचा संबंध फक्त अर्थिंगच्या विणलेल्या पट्टीतून. ती नीट चिकटलेली नसली, की करंट दिसेल ती वाट धरतो, इथे त्या कोमट वायरची. मीटर लावला: बॅटरीवर ११.२ व्होल्ट टिकून, पण बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात १.९ व्होल्टचा फरक! कारण? त्याआधीच्या उन्हाळ्यात चॅसी रंगवून घेतली होती आणि पट्टीचं थिंबल (टोकाची बोल्टची कडी) रंगावरच आवळलं होतं. आवळणारा मीच. पॉलिश पेपरने जागा घासून बोल्ट पुन्हा कसला, काम झालं.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतल्या शेवटच्या ओळीकडे येतो, जी तुम्ही सहज लिहून गेलात: ‘दुपारी गरम गाडीला सेल्फ अजून थोडा जड फिरतो, पण जुनी गाडी म्हटल्यावर चालायचंच.’ नाही हो, चालायचं नाही! गरम इंजिनात ऑइल पातळ असतं, उन्हात बॅटरीलाही जोर असतो. म्हणजे दुपारी सेल्फ हलका फिरायला हवा. तो उलटा जड होतोय आणि बॅटरी तर नवीकोरी. तापल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो (२० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की जवळजवळ पावपट), त्यामुळे जे जोड काठावर आहेत ते उघडे पडतात. नाहीतर सेल्फचे बुश झिजून आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आत घासत असेल.

या दोघांतलं कोणतं, ते पाच मिनिटांत कळतं. गाडी चांगली तापवा, बंद करा, स्टॉप केबल ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही. कोणालातरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून आधी बॅटरीचे व्होल्ट पाहा. मग बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटीपासून (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच) सेल्फच्या जाड बोल्टपर्यंतचा फरक: अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. मग निगेटिव्ह खुंटीपासून ब्लॉकच्या उघड्या लोखंडापर्यंतचा फरक: ०.३ च्या वर गेला तर अर्थिंग पकडा. प्रत्येक वेळेच्या मध्ये सेल्फला मिनिटभर विश्रांती द्या.

बॅटरी ११ च्या आसपास टिकून आहे आणि तरी सेल्फ कुंथतोय, तर करंट वाटेत अडतोय. नवी बॅटरी असूनही व्होल्ट धाडकन खाली येतात आणि दोन्ही बाजूंचे फरक ठीक आहेत, तर सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट खातोय. तो उतरवून बुश बघायला द्या.

तिन्ही आकडे इथे लिहा. आणि जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये दिली नसेल, तर पूर्ण चार्ज करून बॅटरीवाल्याकडे लोड टेस्टही (जोराचा करंट ओढून केलेली तपासणी) करून घ्या. ती नापास झाली, तर बॅटरीबद्दल तुमचंच बरोबर होतं, असं मी मूळ लेखाच्या वरच लिहीन.