डॉक्टरने केला तरी खतना सुरक्षित नाही

‘मुलीचा खतना (बाह्य जननेंद्रियाचा भाग कापणे) डॉक्टरने भूल देऊन केला तर धोका नाही’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. निर्जंतुक हत्याराने फार तर संसर्गाची शक्यता घटते. कापलेल्या भागाची संवेदना परत येत नाही. इजिप्तमध्ये तर हे काम बरेचसे डॉक्टरच करतात. तिथे २००७ साली १२ वर्षांची मुलगी खासगी दवाखान्यात दगावली, तेव्हा कुठे आरोग्य खात्याने सरसकट बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेने सहा आफ्रिकी देशांतल्या २८ हजारांवर बाळंतिणींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. जितका भाग जास्त कापलेला, तितके सिझेरियन, अतिरक्तस्राव आणि बाळ दगावण्याचे प्रमाण जास्त. लघवीचा त्रास, शरीरसंबंधातल्या वेदना वेगळ्याच. आणि मुलग्यांच्या सुंतेशी तुलना? मुलींच्या खतन्यात आरोग्याचा एकही फायदा नाही.