ताप नाही म्हणजे साधे पित्तच, असे का म्हणता येत नाही?

सप्रेम नमस्कार.

ताप नसताना पोट बिघडले तर ते पित्त किंवा अपचनच असते, दोन दिवसांत आपोआप बरे होते, आणि मी त्यामागची एवढी कारणे सांगून वाचकांना विनाकारण घाबरवले, असा आपला आक्षेप आहे. पोट बहुतेक वेळा आपोआप बरे होते हे मला मान्य आहे. मात्र ताप नसणे हा पित्ताचा पुरावा आहे, हे मान्य नाही.

ताप हा शरीराच्या प्रतिकाराचा एक भाग आहे आणि प्रत्येक जंतू तो चेतवतोच असे नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू अन्नातच विष तयार करून ठेवतो, जे अन्न पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. असे अन्न पोटात गेल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात, परंतु ताप सहसा येत नाही. कॉलऱ्याचा जीवाणू आतड्याच्या अस्तरात न शिरता वरच राहून विष सोडतो, म्हणून त्यातही ताप क्वचितच असतो. तरीही पाणी आणि क्षार इतक्या वेगाने निघून जातात की उपचारांअभावी काही तासांत जीव जाऊ शकतो. तेव्हा ताप नाही म्हणून आजार सौम्य आहे, असे समजणे धोक्याचे आहे.

पित्ताविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. जठरातील व्रण आम्लामुळे आणि मानसिक ताणामुळे होतात, असे डॉक्टरही दीर्घकाळ मानत होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असल्याचे दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्गही तापाविना वर्षानुवर्षे राहतो.

औषधांचा विचार तर रुग्ण सर्वांत शेवटी करतात, याची मला खरोखर खंत वाटते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी जठराच्या अस्तराला इजा होते. मधुमेहासाठीच्या मेटफॉर्मिनने, विशेषतः सुरुवातीला, मळमळ आणि जुलाब होतात. प्रतिजैविकांनीही पोट बिघडते. मॅग्नेशियम असलेल्या अँटासिडने जुलाब होऊ शकतात, म्हणजे पित्तावरचा उपाय म्हणून घेतलेले औषधच त्रासाचे कारण ठरू शकते. दुधातील लॅक्टोज न पचणे किंवा आतड्याची अतिसंवेदनशीलता ही कारणेही तापाविनाच असतात.

म्हणूनच तापापेक्षा काही साधे प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतात: खाल्ल्यानंतर किती वेळाने त्रास झाला, तेच अन्न खाल्लेल्या इतरांनाही झाला का, नवे औषध सुरू केले आहे का, आणि विशिष्ट पदार्थानंतर तो पुन्हा पुन्हा होतो का. शौचात रक्त, काळा मल, पाणीही न टिकणे, लघवी कमी होणे किंवा नकळत घटणारे वजन यांपैकी काहीही असल्यास ताप नसला तरी डॉक्टरांकडे जावे. वयस्कर व्यक्तींना गंभीर संसर्गातही ताप येत नाही असे घडते, आणि छातीत न दुखता केवळ वरच्या पोटात अस्वस्थता, मळमळ व घाम येणे हे हृदयविकाराच्या झटक्याचेही लक्षण असू शकते.

आपला त्रास दर महिन्याला परत येतो आणि गोळीने तात्पुरता थांबतो, असे आपणच लिहिले आहे. त्या गोळीत कोणते घटक आहेत ते कृपया पाहावे, तिच्यासोबत दुसरे कोणते औषध घेतले जाते त्याची नोंद ठेवावी आणि ती नोंद घेऊन एकदा डॉक्टरांना भेटावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.