भावाचा उपवास आणि पार्किंगमधली धामण

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. पार्किंगमध्ये चांगली लांबलचक धामण, बांबू घेतलेली तीन माणसं आणि मागून कुणाचा तरी आवाज, "डोकं ठेचा, डोकं!" खाली अंगठ्यांची रांग. तासाभरात त्याच ग्रुपवर नागोबाचं चित्र, "नागपंचमीच्या आगाऊ शुभेच्छा". तेव्हापासून हात थरथरतायत माझे.

धामण! बिनविषारी. उंदीर खाऊन जगणारी. काय केलं होतं तिनं कुणाचं?

माझ्या आईला सख्खा भाऊ नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती भावाचा उपवास धरते तो नागोबासाठी. मी लहान असताना याच दिवशी गोठ्यात वैरणीतून नाग निघाला. काका काठी घेऊन धावले. आई मधे उभी राहिली. "भावजी, उपास हाय माझा त्येचा. त्येला मारून मी कुणासाठी उपाशी ऱ्हायची?" काकांनी काठी खाली घेतली. नाग भिंतीकडेनं निघून गेला.

मान्य, शेतात राबणाऱ्याची गोष्ट वेगळी. देशात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशानं जातात, त्यात रात्रीच्या लाईटला अंधारात पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेली कितीतरी. लेकराच्या अंथरुणात मण्यार निघाली आणि बापानं काठी घातली, तर मी त्याला बोलणार नाही. पण माझ्या आईच्या पायाखालीही शेतच होतं. समोर धामण नव्हती, फणा काढलेला नाग होता.

आणि पूजा करणाऱ्यांनीही कमी छळलेलं नाही. आमच्याकडच्या, सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग मडक्यांत कोंडून ठेवायचे, मिरवायचे. 2014 साली उच्च न्यायालयानं ते थांबवलं. गावाला झोंबलं, मला बरं वाटलं. भावाला कुणी मडक्यात ठेवतं का?

उद्या घरोघरी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. कहाणी वाचायची. दिव्यानं शेपट्या भाजलेली नागाची पिल्लं सूड घ्यायला येतात, आणि जिच्या हातून तो दिवा पडला ती पोर पाटावर नाग काढून म्हणत असते, माझे लांडोबा-पुंडोबा भाऊ जिथं असतील तिथं खुशाल असोत. ती ऐकतात आणि दुधाच्या वाटीत नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात. त्यांचं तर अंग भाजलं होतं, तरी त्यांनी नातं राखलं. आणि आपण?

व्हिडिओखाली अंगठा देणाऱ्यांत एकजण असा आहे ज्याला मी दरवर्षी राखी बांधते. दादा, तू हे वाचशीलच. रागावले आहे, पण तुझ्यावरची माया कमी झालेली नाही. या राखीपौर्णिमेलाही ये. आईसुद्धा इथंच असेल, तिच्याशी बोल.

बाकीच्यांनी वन विभागाचा 1926 नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. 1972 पासून कायदा आहे, साप मारणं गुन्हा आहे. साप दिसला की पोरांना आत घ्या, लांब उभं राहून फक्त त्याच्यावर नजर ठेवा आणि सर्पमित्र येईपर्यंत कुणाला बांबू उचलू देऊ नका.