आधी मराठीतून ऐकून पाहा

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवता येत नाही, अंध माणसाला चौकटीत चेहरा नीट बसवता येत नाही, म्हणून त्यांची ओळखच पटू नये, हे न्यायालयाने मान्य केले नाही. त्यावर घाटंजी तालुक्यातील आमच्या गावकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी चर्चा झाली, तिचा सूर मात्र निराळा होता. ओलिताला दिवसा वीज मिळत नाही, पीकविम्याचा पत्ता नाही, तिथे संकेतस्थळ अंधांना वापरता येते की नाही हा प्रश्न तुमच्या इंग्लंडचा, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. मी लीड्समध्ये संकेतस्थळे बांधण्याचेच काम करतो, त्यामुळे टोला कोणाला होता हे सांगायला नको.

माझ्या मते हा प्रश्न लीड्सपेक्षा घाटंजीचा अधिक आहे. इथे संकेतस्थळ अडले तर पुष्कळदा फोन करता येतो किंवा कागदी अर्ज मागवता येतो. गावाकडे पीक पाहणी, पीकविमा, योजनांचे अर्ज, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सारे पोर्टलवर गेले आहे आणि पर्यायी खिडकी जवळपास उरलेली नाही. काचबिंदूने दृष्टी गेलेले माझे थोरले चुलतभाऊ अँड्रॉइडमधील टॉकबॅकच्या, म्हणजे पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या, मदतीने फोन सराईतपणे चालवतात. कापसाचे भाव, बातम्या, नातेवाइकांचे निरोप, सगळे ऐकतात. एका योजनेच्या अर्जावर मात्र फोन 'अनलेबल्ड बटन, अनलेबल्ड बटन' एवढेच म्हणत राहिला, कारण बटणांवर चित्रे होती आणि त्यांना नावे द्यायला कोणी बसले नव्हते. पुढे वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा आला, त्याला ऐकण्याची सोय नव्हती. शेवटी दादा सेतूवर गेले आणि रांगेतल्या दहा माणसांदेखत आधारचा ओटीपी मोठ्याने सांगून मोकळे झाले. पीकविमा आधी की हे आधी, हा वाद म्हणूनच मला पटत नाही. पीकविम्याचा अर्जही शेवटी अशाच पानावर भरायचा असतो.

ग्रुपवर एका भाच्याने घेतलेला आक्षेप याहून वजनदार होता. सुगम्य, म्हणजे अंध-दिव्यांगांनाही वापरता येतील अशी, संकेतस्थळे बांधायला शिकायचे कुठे? यवतमाळ-अमरावतीच्या महाविद्यालयांत कोडिंग शिकवतात, पण हा विषय कोणी काढत नाही. तर सांगण्यासारखी गोष्ट अशी की, उत्तम साहित्य मोफत आहे आणि लीड्समधील माझे सहकारीही तेच वापरतात. वेबचे निकष ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या सुगम्यताविषयक संकेतस्थळावर नवख्यांसाठी सोप्या प्राथमिक चाचण्या दिल्या आहेत, आणि त्याच संस्थेचा पायाभूत अभ्यासक्रम एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शिकता येतो. पैसे मोजायचे ते फक्त प्रमाणपत्र हवे असेल तर. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठातील वेबएम या संस्थेचे लेख वाचायला सोपे आहेत आणि तिचे वेव्ह हे साधन पानावरचे दोष त्या-त्या जागीच खुणा करून दाखवते. सरकारी कंत्राटाचे काम करणाऱ्यांनी भारत सरकारच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ ची तिसरी आवृत्ती वाचावी. मूळ आंतरराष्ट्रीय निकषांपासून मात्र सुरुवात करू नये. ते गाडी शिकण्यासाठी मोटार वाहन कायदा पाठ करण्यासारखे होईल.

माझा आग्रह आहे तो क्रमाबद्दल. साधनाने 'दोष शून्य' म्हटले की काम झाले, असे समजणारे इथेही पुष्कळ आहेत. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने २०१७ मध्ये मुद्दाम अडथळ्यांनी भरलेले एक पान तयार करून अशी साधने त्यावर चालवली, तेव्हा सर्वांत चांगल्या साधनालाही निम्म्याहून कमी अडथळे सापडले. म्हणून आधी एनव्हीडीए उतरवून घ्यावे. विंडोजवर चालणारे हे मोफत वाचक सॉफ्टवेअर मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केले आणि त्यात मराठी आवाजही आहे. माउस बाजूला ठेवून, पडदा बंद करून, आपणच केलेले पान त्याच्याकडून मराठी आवाजात वाचून घ्यावे. एका तासात जे कळते ते कोणत्याही इंग्रजी लेखातून कळत नाही.

मराठीतून ऐकण्याचे कारण असे की, आपले काही अडथळे त्या इंग्रजी साहित्यात सहसा भेटतच नाहीत. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदवलेली राहिली, तर वाचक सॉफ्टवेअर इंग्रजी आवाज लावते आणि तो देवनागरीपुढे अडखळतो किंवा ती सरळ गाळतो. दुरुस्ती एका शब्दाची असते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी आकारामागे मुळात रोमन अक्षरच साठवलेले असते, म्हणून तशी टंकलेली पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण कानाला रोमन अक्षरांची खिचडी ऐकू येते. शिक्क्यासकट स्कॅन केलेली सूचना तर नुसते चित्र असते, तिच्यात सॉफ्टवेअरला वाचण्यासारखे अक्षरच नसते. भाच्याने यावर मराठीत लिहिले, तर मी लिहिण्यापेक्षा ते अधिक उपयोगी ठरेल.

इंग्लंडचे लोक अधिक कनवाळू आहेत म्हणून इथे हे होते, असा समज कोणी करून घेऊ नये. २०१८ च्या नियमांनी सार्वजनिक संस्थांना आपल्या संकेतस्थळातील त्रुटी जाहीर निवेदनात लिहून ठेवायला लावले आहे. निवेदन वर्षानुवर्षे न बदलणारी कार्यालये आहेतच, पण तक्रार कुठे करायची हे त्यात लिहिलेले असते आणि ती लोक करतात. आपल्याकडे दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. त्याखालील सुगम्यतेचा नियम नुसत्या शिफारशीसारखा ठेवणे कायद्याशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. सक्तीची वाट पाहत बसण्याऐवजी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची चाचणी दादांसारख्या माणसांकडून करून घ्यावी, त्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्यावे, आणि ते जिथे अडतील तिथे गुण कापावेत.