वृक्ष उपकर भरा आणि झाडंही तुम्हीच छाटा

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दोन कागद शेजारी शेजारी लागलेत. एक मुंबई महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल, त्यात वृक्ष उपकर. दुसरी महापालिकेचीच नोटीस: पावसाळ्याआधी आवारातल्या धोकादायक फांद्या छाटून घ्या, काही झालं तर जबाबदारी तुमची. म्हणजे अर्ज सोसायटीने करायचा, परवानगीची वाट सोसायटीने बघायची, छाटणीवाला सोसायटीने आणायचा, पैसेही सोसायटीचेच. परवानगीशिवाय हात लावाल तर १९७५चा झाडांचा कायदा अंगावर. फांदी पडली तरी आम्ही, तोडली तरी आम्ही. मग हा उपकर नेमका कुठल्या झाडाला पाणी घालतो? एक ओळ छापा ना: इतके जमले, इतकी झाडं लावली, इतकी जगली. ‘जगली’चा रकाना तर हवाच हवा!

बिलातल्या बाकीच्या ओळीही काही कमी नाहीत. सर्वसाधारण कर, नावच असं की आत काहीही बसावं. पाण्याला मीटर आहे, त्याचं बिल वेगळं येतं, त्यावर ७० टक्के मलनिःसारण आकार लागतो. तरी इथे जललाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर आहेतच. लाभ म्हणे! पाणीकपात झाली की या लाभात कपात होते का? रस्त्यांसाठीचा पथकर भरायचा आणि रिक्षात कंबर धरून बसायचं. राज्य शिक्षण उपकर तर महापालिकेचा नाहीच, तो वसूल होऊन राज्याच्या तिजोरीत जातो. पण छापलाय महापालिका शिक्षण उपकराला खेटून, ओळखायचं कसं? दुकानाचा गाळा असेल तर वर रोजगार हमी उपकर.

कर लावताना मात्र हिशेब चोख. रेडी रेकनरचा म्हणजे जागेचा सरकारी दर, चटई क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला, सगळ्याचा गुणाकार करून भांडवली मूल्य, त्यावर कर. मजला मोजणाऱ्या या नजरेला खर्चाची बाजू आली की मोतीबिंदू होतो. आणि ५०० चौरस फुटांपर्यंत माफी, ५०१ झाले की कर सगळ्या ५०१वर. राहू दे, तो विषय काढला की रक्तदाबाची गोळी लागते.

बरं, एवढं तावातावाने बोलून आपण करतो काय? मुदतीच्या शेवटच्या रात्री, बारा वाजायच्या आत, निमूट भरून टाकतो. नाहीतर महिन्याला २ टक्के दंड. कुठली एफडी देते वर्षाला २४ टक्के?

विचारलं की उत्तर ठरलेलं: अर्थसंकल्पात बघा. २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा. बघितला. तिथे खाती आधीच वेगळी आहेत! शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा, पाणी-मलनिःसारणाचा वेगळा, वृक्ष प्राधिकरणाचा वेगळा. मग बिलाच्या मागे चार रकाने छापायला कुठलं संशोधन लागतं? कराचं नाव, जमा, खर्च, शिल्लक. जमलंच तर पाचवा, आपल्या वॉर्डात किती. मागे जागा नसेल तर क्यूआर कोड द्या, पण तो उघडल्यावर पुन्हा तीच शेकडो पानांची पीडीएफ नको, तीही आडवी स्कॅन केलेली.